लोंबतीची खळी

गवंड्याच्या घरात सासवा दोन आहेत, असं त्याची बायको झऱ्यावर बायकांना सांगायची आणि बायका घागरी खाली ठेवून हसायच्या. एक सासू बोलायची, दुसरी लोंबायची. बोलणारीची भीती नव्हती, ती बोलून मोकळी व्हायची. लोंबणारी गप्प असायची आणि तिच्या गप्प असण्यानेच घरातल्या सुनेची पाचावर धारण बसायची. ही सून घरातली मोठी, म्हणून तिला सगळे थोरली म्हणत. धाकटी सून नवऱ्याबरोबर शहरात होती आणि तिथे घराला लोंबती नव्हती, त्यामुळे ती सुखात होती असं थोरलीचं मत होतं.

लोंबती म्हणजे एक काळा गुळगुळीत गोटा, मोठ्या लिंबाएवढा, खालून निमुळता होत गेलेला. आढ्याला बांधलेल्या दोरीला तो घराच्या बरोबर मध्ये टांगलेला असायचा, जमिनीपासून बोटभर वर. त्याच्याखाली चोपून घट्ट केलेल्या मातीत बोराएवढी खळी कोरलेली होती. गोट्याचं टोक खळीच्या मध्यावर असलं की घर ठीक. डोंगराच्या उतारावर अकरा घरं होती आणि अकराही घरांत अशी लोंबती होती. तिला धक्का लावायचा नाही हे रांगतं पोरही शिकायचं. सकाळी दार उघडून वारा आत यायच्या आधी घरच्या बाईने एकटीने तिच्याकडे बघायचं, मग चूल पेटवायची. पुरुषांचा तिच्याशी संबंध नव्हता. ते वळसा घालून पलीकडे जात, एवढंच.

थोरली लग्न होऊन आली त्या दिवशी सासूने तिला लोंबतीपुढे उभं केलं होतं.

"ही नीट बघून ठेव," सासू म्हणाली होती. "घरच्या बाईचं पाऊल वाकडं पडलं की ही खळीतून सरते. कुणी चहाडी करावी लागत नाही. घरच सांगतं."

पुढे सहा वर्षं लोंबती जागची हलली नाही. सातव्या वर्षी हलली. आदल्या दुपारी थोरली खाणीवर नवऱ्याची भाकरी घेऊन गेली होती. पाऊस आला म्हणून पाथरवटाच्या छपरात थांबली. पाथरवट काहीतरी गमतीचं बोलला, ती हसली, आणि ते हसू घरी येईपर्यंत तिच्या ओठांवर राहिलं. एवढाच काय तो गुन्हा. सकाळी बघते तर गोट्याचं टोक खळीच्या काठावर. सासू उठायच्या आत तिने चुलीजवळची ओली माती खळीत दाबली, त्यावर राख चोळली आणि बोटभर पुढे, गोट्याच्या खाली, अंगठ्याने नवी खळी केली. कुणाला कळलं नाही. पाथरवटाच्या छपराकडे ती पुन्हा फिरकली नाही, आणि पुन्हा तशी हसलीही नाही.

त्याला आता आठ वर्षं झाली होती.

यंदा पाऊस सलग बारा दिवस लागून राहिला. बाराव्या दिवशी सकाळी थोरलीने कंदील खाली धरला. लोंबती खळीबाहेर होती, चांगली एक बोट. तिने माती दाबली, राख चोळली, नवी खळी केली. हात यंत्रासारखे चालले. डोकं मात्र मागे मागे जात राहिलं. काय केलं आपण? परवा सासूला दूध संपलं म्हणून सांगितलं आणि उरलेलं भिंगरीला पाजलं, ते? भिंगरी तिची सात वर्षांची पोर. पोटच्या पोरीला दूध पाजणं हे वाकडं पाऊल असतं का? तिला ठरवता येईना.

दिवसभर काम घरावरच्या बांधावर होतं. घरांच्या मागे डोंगर चढतो तिथे दगडी बांध होता, दीड पुरुष उंच, बिनचुन्याचा, गवंड्याच्या आजोबांनी रचलेला. त्या बांधाने पोट काढलं होतं. मधले दगड असे फुगून पुढे आले होते की बघूनच आपलं पोट दुखावं. गवंडी आणि चार गडी दगड उतरवून पुन्हा रचत होते आणि बायका पाट्या वाहत होत्या. डोक्यावर गोणपाटाची खोळ, पाठीवरून पाणी, बोटांची सालटी निघालेली. पाच दिवस रचलेला भाग त्या दिवशी दुपारी पुन्हा फुगला. कुणाचा हात लागला नव्हता. एक दगड आपसूक सुटला, गडगडत खाली आला आणि गवंड्याच्या पायाशी येऊन थांबला.

गडी दगडाकडे बघत राहिले. बोलली ती टोकाची काकू. ती अगदी शेवटच्या घरात राहायची, विधवा, एकटी, काठीसारखी ताठ. चाळीस वर्षांत तिची लोंबती केसभर सरली नाही, हे तिने उतारावरच्या प्रत्येक सुनेला निदान दहादा ऐकवलं होतं.

"घरात काही वाकडं असलं की बांध सरळ कसा जाईल?" ती म्हणाली आणि पाटी उचलून चालू लागली.

गवंड्याने मान खाली घातली. त्याच्या कारागिरीला असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्याला वाटलं बोलणं त्याला लागून होतं. थोरलीला वाटलं आपल्याला. दोघंही दिवसभर एकमेकांकडे बघू शकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी लोंबती पुन्हा बोटभर सरलेली होती.

तिसऱ्या दिवशी दीड बोट, आणि दार उघडेना. गवंड्याने खांदा लावला तेव्हा ते करकरत उघडलं. "पावसाने लाकूड फुगलंय," असं म्हणून त्याने रंधा काढला आणि दाराची कड तासली. संध्याकाळी तेच दार लागेना. शेजारी टोपल्या विणणारीचं घर होतं. तिथूनही खांदे मारल्याचा आवाज येत होता, त्याच्या पलीकडून पण. अकरा घरांत दारं ढकलली जात होती. थोरली ऐकत उभी राहिली. आतून कुणीतरी दारं धरून ठेवली असावीत असे ते आवाज होते.

"आधी दार धरेल," भिंगरी कोपऱ्यात खड्यांशी खेळता खेळता गुणगुणली. "मग पाणी चोरेल, मग हाक मारेल, ओ देऊ नका."

"गप गं," थोरली ओरडली. तिचा आवाज उगाचच चिरकला.

ते गाणं काही नवं नव्हतं. उतारावरची सगळी पोरं ते म्हणत खेळायची. एकाने डोळे मिटून पालथं पडायचं, बाकीच्यांनी अंगावरून उड्या मारायच्या. पालथी पडलेली ती डोंगरीण. डोंगरीण कुशीवर झोपलेली आहे आणि आपण तिच्या कमरेवर घरं बांधलीत, अशी गोष्ट होती. अंग अवघडलं की ती कूस बदलते. बदलण्याआधी दारं धरते, पाणी चोरते आणि तुमच्या माणसाच्या आवाजात हाक मारते. ओ दिली, मागे वळून थांबलात, की तुम्ही तिचे. थोरलीनेही लहानपणी ते खेळून गुडघे फोडले होते. पोरांची गोष्ट ती पोरांची गोष्ट, तिच्याकडे मोठी माणसं थोडीच लक्ष देतात.

चौथ्या दिवशी झऱ्याचं पाणी तांबडं आलं. गोठ्यातल्या शेळ्या आत जाईनात, बाहेर पावसात भिजत एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. पाचव्या दिवशी सकाळी थोरली घागर घेऊन गेली, तर झरा नव्हता.

म्हणजे जागा होती. दगडाची पन्हळ होती, पन्हळीखालचा खड्डा होता. पाणी नव्हतं. वरून पाऊस धो धो कोसळत होता, डोंगराच्या अंगावरून ओघळ वाहत होते, आणि भर उन्हाळ्यातही कधी न आटलेल्या झऱ्याच्या तोंडातून थेंब येत नव्हता. टोपलीवाली तिथेच उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीने झऱ्याच्या तोंडात हात घातला. आतून गार हवा ओढल्यासारखी लागली. तिने हात झटकन बाहेर काढला आणि घागर तिथेच टाकून घराकडे निघाली.

नवरा बांधावर होता, भिंगरी शेजारी, सासू शेळ्यांपाशी. घर रिकामं होतं. लोंबती दोन बोटं सरली होती, एका सकाळीत. नवी खळी करायला थोरली गुडघ्यावर बसली. पण रोज रोज ओली माती दाबून तिथली जमीन गिच्च झाली होती, अंगठा दाबला की सगळाच थर हलायचा. चिडून तिने खुरपं आणलं आणि वरचं लिंपण खरवडून काढलं.

खाली तिच्या खळ्या दिसल्या. राखेमुळे करड्या. यंदाच्या चार, जवळजवळ. त्यांच्या मागे एक, पाथरवटाच्या छपराची. तिच्या मागे, ती सून म्हणून आली तेव्हा जी दाखवली होती, ती. आणि खुरपं थांबलं नाही म्हणून अजून मागे एक. पिवळ्या मातीने बुजवलेली. तिच्या मागे आणखी एक, पिवळीच. मग लाल मातीच्या तीन. मग काळ्या मातीची एक, दगडासारखी घट्ट झालेली. सगळ्या एका रेषेत. भिंतीकडून दाराकडे, डोंगराकडून दरीकडे. जुन्या खळ्यांमध्ये अंतर जवाएवढं. मग बोटभर. मग दीड बोट. जणू कुणीतरी या जमिनीवरून पावलं टाकत चाललं होतं, आधी रेंगाळत आणि आता पळत.

"ती पिवळी माझी," मागून सासू म्हणाली.

थोरलीच्या हातून खुरपं पडलं. सासू दारात निथळत उभी होती. ती आत आली, कण्हत खाली बसली आणि पिवळ्या खळीत तिने बोट ठेवलं.

"दोन्ही माझ्या. पहिली केली तेव्हा तुझा नवरा माझ्या पोटात होता. माहेरी जाऊन आले होते, आईजवळ सासूची निंदा केली होती. आल्यावर हे सरलेलं. मला वाटलं, कळलं हिला." ती लोंबतीकडे बघत होती. "जन्मभर कुणाची निंदा केली नाही गं मग. तू म्हणतेस मी फार बोलते. जे बोलायचं ते तोंडावर बोलले."

"आणि या लाल?"

"माझ्या सासूच्या असतील. तिला तर मी देवासारखी मानायचे." सासूने तीनही लाल खळ्या चाचपल्या. "तिने तीनदा काय केलं असेल?"

थोरली हसली. तिचं तिलाच नवल वाटलं, पण आठ वर्षांत हसली नव्हती तशी हसली, आणि मग तिला रडूच आलं. "काही केलं नाही, आई. कुणीच काही केलं नाही. बघा ना, सगळ्या एकाच बाजूला सरल्यात. बाईच्या पापाला काय उतार माहीत असतो?"

सासूने काळ्या खळीपासून लोंबतीपर्यंत बोट ओढत नेलं. पावसाचा आवाज येत होता आणि त्याच्या खालून आणखी एक, जात्यासारखा, जड दगडावर जड दगड फिरल्यासारखा. घरात जातं नव्हतं.

"दार धरलंय," सासू हळूच म्हणाली. "पाणी?"

"सकाळीच गेलं."

सासू उठली. वयाच्या मानाने फारच चटकन उठली. "चल, त्याला सांगू."

"काय सांगू? सगळ्यांसमोर सांगू, की मी खळी सरकवत होते? पाच दिवस?"

"मी चाळीस वर्षांपूर्वीचं सांगते. मग तुझं कोण ऐकतंय?"

बांधावर गवंडी आणि गडी थांबले होते. थोरली बोलू लागली तेव्हा तिने काही लपवलं नाही. पाथरवटाचं छप्परही सांगितलं. पाथरवट तिथेच होता, तो हातातल्या घणाकडे बघत राहिला. एक गडी फिसकन हसला. गवंड्याचा चेहरा लाल झाला.

"घरातली गोष्ट घरात सांगता येत नाही तुला?" तो दातांवर दात दाबून म्हणाला.

"घरातली नाही ती," सासू म्हणाली. "तुझा ओळंबा आण. त्याच्यावर तरी तुझा विश्वास आहे ना?"

गवंडी रागारागाने घरात गेला. भिंतीला ओळंबा, दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, लावला. त्याच्या पणजोबांनी सरळ रेषेत उभी केलेली भिंत, वरच्या बाजूने दरीकडे हातभर नाही तरी वीतभर कललेली होती. मग त्याने जमिनीवरची रेषा पाहिली आणि तो ओणवा तिथेच राहिला. आयुष्यभर तो ओळंबा घेऊन दुसऱ्यांच्या भिंती तपासत हिंडला होता आणि त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या एक टांगलेला होता, त्याच्या डोळ्यांपुढे.

"शेळ्या सोडा," तो बाहेर येऊन म्हणाला. आवाज बसलेला होता. "सगळ्यांना सांगा. समोरच्या माळावर."

पण सांगून पुरुष ऐकेनात. झरे आटतात, दारं फुगतात, म्हणाले. तेव्हा सासू एकेका घराच्या दारात गेली आणि पुरुषांकडे न बघता बाईला विचारू लागली, "तुझी कितीदा सरली?" टोपलीवालीने नवऱ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं. "यंदा तीनदा," ती म्हणाली, आणि पोरं उचलून बाहेरच पडली. पुढच्या घरी सासू-सून दोघी एकदम बोलल्या आणि एकमेकींकडे तोंड वासून बघत राहिल्या. दर दारात तेच झालं. चाळीस-पन्नास वर्षांच्या शरमा पावसात बाहेर पडत होत्या. बायका निघाल्या तशी पोरं निघाली, पोरांमागे पुरुषांना निघावंच लागलं. सासूने निघताना लोंबतीची दोरी विळ्याने कापली आणि गोटा ओटीत बांधला.

शेवटचं घर टोकाच्या काकूचं. ती दारात बसून धान्य निवडत होती.

"काकू, चला," थोरली म्हणाली. "तुमची पण सरली असेल."

"आमची सरत नाही."

"खरं सांगा ना. आता कुणी काही म्हणणार नाही."

"ज्यांची सरली त्यांनी जावं," काकू म्हणाली. सुपातला एक खडा तिने नीट वेचून बाजूला टाकला. "मी गेले तर लोक काय म्हणतील? चाळीस वर्षं मी काय खोटं बोलले?"

थोरलीने तिचा हात धरून ओढलं. काकूने तो सोडवून घेतला आणि दार लावू लागली. दार लागेना. ते अर्धवट उघडंच राहिलं आणि त्या फटीतून काकू थोरलीकडे बघत राहिली.

ओढा ओलांडून माळाची चढण लागली तेव्हा दुपार होती, पण उजेड संध्याकाळसारखा होता. पाऊस एकाएकी थांबला. पक्षी नव्हते, बेडूक नव्हते. शेळ्याही गप्प चालत होत्या. भिंगरी थोरलीच्या कडेवर होती.

आणि मागून, वरून, हाक आली.

"थोरलेऽऽ! थांब गं!"

आवाज काकूचाच होता. थोरलीचं अंग वळू लागलं. सासूची बोटं तिच्या दंडात रुतली.

"ओ देऊ नकोस."

"अहो, काकू आहेत त्या! येतायत त्या!"

"असेल. नसेल. पाय उचल."

"थोरलेऽऽ!"

भिंगरीने आईच्या तोंडावर आपला इवलासा हात घट्ट दाबून धरला. थोरली चालत राहिली. तिने ओ दिली नाही. तिसरी हाक अर्धी आली, आणि उरलेली हाक डोंगराने पुरी केली. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हता, तो तळपायांतून वर आला. माळावर पोचून त्यांनी मागे पाहिलं तेव्हा झाडं उभीच्या उभी खाली चालत येत होती. बांध, घरं, झरा, सगळं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर गेलं. मग धूळ उठली, एवढ्या पावसानंतरही.

काकू सापडली नाही. आठव्या दिवशी पुरुष ढिगारा उपसत होते तेव्हा तिच्या घरातल्या जमिनीचा एक तुकडा अख्खाच्या अख्खा निघाला, चटईएवढा. वरचं लिंपण सोलून गेलं होतं. गवंड्याने थोरलीला बोलावलं. खळ्या होत्या. थोरलीने बोटाने मोजल्या. नऊ, एकाच मातीने बुजवलेल्या; एका बाईच्या एवढ्या कुठेच नव्हत्या. शेवटचीत अंगठ्याचा ठसा अजून होता, बारीक रेघांसकट. ती हाक तिचीच होती का, हे थोरलीला कुणी सांगू शकलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. पण त्या ठशावर तिने आपला अंगठा ठेवून पाहिला. बरोबर बसला.

माळावर ताडपत्र्यांची पालं उभी राहिली. सासूने पालाच्या मधल्या आडव्या वाशाला लोंबती बांधली, खाली माती चोपली, खळी केली आणि भिंगरीला पुढ्यात घेतलं. "ही डोंगरिणीची कूस सांगते," ती म्हणाली. "बाईचं काही सांगत नाही. मला चुकीचं सांगितलं होतं, मी तुझ्या आईला चुकीचं सांगितलं." बाकीच्या पालांतही तसंच झालं. ज्यांचा गोटा गेला होता त्यांनी ओढ्यातून नवा आणला.

महिनाभराने एका सकाळी थोरली उठली. बाहेर पाऊस पुन्हा लागला होता. नवरा झोपलेला, सासू भिंगरीला कुशीत घेऊन झोपलेली. तिने कंदील खाली धरला. गोट्याचं टोक खळीच्या मध्यावर नव्हतं. जवाएवढं सरलं होतं, फार नाही. तिचा अंगठा चुलीजवळच्या ओल्या मातीत आपोआप बुडाला. तो तिने तसाच वर काढून पाहिला, मग लुगड्याला पुसला.

"अहो!" ती ओरडली, सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी. "उठा! सरलीय!"

गवंडी धडपडत उठला आणि त्याने काही न विचारता ओळंबा हातात घेतला. शेजारच्या पालातून टोपलीवालीचा आवाज आला, "आमचीपण!" मग पलीकडून, "आमचीपण गं!" मग त्याच्या पलीकडून. पावसातून एकेक आवाज येत राहिला आणि थोरली उभी राहून मोजत राहिली. स्वतःचा धरून दहा झाले. पुढचा येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी ती दाराशी कान देऊन अकराव्याची वाट बघत राहिली.